दुसरा थेंब

जबडा दुखायला लागला तेव्हा सारंग भोयरला वाटलं, दाढ असेल. मग डाव्या खांद्याच्या पात्याखाली कुणी सिमेंटचं पोतं टेकवून ठेवल्यासारखं जड झालं, तेव्हा वाटलं, काल ती पंपाची मोठी मोटार एकट्याने उचलायला नको होती. पण दुकानाच्या पायरीवर बसल्याबसल्या उलटी झाली आणि एप्रिलच्या उन्हात अंगावर गार घाम फुटला, तेव्हा मात्र त्याच्यापाशी तिसरं कारण उरलं नाही.

धामणखेडच्या बाजारगल्लीत त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपांच्या मोटारी उघडायच्या, करपलेली तार काढायची, नवी गुंडाळायची. आज तो दुकान लवकर बंद करणार होता. मुलीचं, रेवाचं, जमत आलेलं होतं आणि बोलणी करायला यवतमाळहून मोहोड मंडळी जेवायला येणार होती. सारंगला न्यायला त्याचे सासरे गुलाबराव काळमेघ स्वतः चालत आले होते. एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीतही ताठ चालणारे. बायको गेल्यापासून ते लेक-जावयाकडेच राहत होते.

"काऊन रे? सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही मामाजी. पित्त आहे."

"पित्ताचा घाम असा नसते. चाल, स्टँडवर जाऊ. थेंबभर रक्ताचं तर काम आहे."

एव्हाना तालुक्याच्या प्रत्येक बसस्टँडवर हृदयवेध केंद्र झालेलं होतं. एक डॉक्टर, एक नर्स, बाहेर उभी रुग्णवाहिका आणि टेबलावर डब्याएवढं यंत्र. बोटातून एक थेंब रक्त पट्टीवर घ्यायचं, पट्टी यंत्रात सरकवायची आणि यंत्र हिरवा किंवा लाल दिवा दाखवायचं. लाल लागला की अमरावतीच्या रुग्णालयात तुमच्यासाठी टेबल रिकामं करायला सुरुवात व्हायची. हिरवा लागला की तुम्ही घरी.

त्यामागचं शास्त्र तसं सरळ होतं. हृदयाच्या स्नायूत ट्रोपोनिन नावाचं एक प्रथिन असतं. स्नायूचा एखादा तुकडा रक्ताविना मरू लागला की ते पाझरून रक्तात उतरतं. जुन्या काळची यंत्रं मोठी गळती झाली तरच ओळखायची. नवी यंत्रं इतकी तीक्ष्ण झाली की धडधाकट हृदयातून रोज जे किंचित पाझरतं, तेही त्यांना दिसू लागलं. आणि तेव्हा कळलं की ते पाझरणं सगळ्यांचं सारखं नसतं. पुरुषांचं जास्त, बायकांचं कमी. वय वाढतं तसं तेही वाढतं. वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच मर्यादा लावली जात होती, आणि ती बायकांसाठी फार वर होती. छातीत दुखतंय म्हणणाऱ्या किती बायका ॲसिडिटीची गोळी घेऊन घरी गेल्या आणि परत आल्याच नाहीत, याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. हृदयवेधने बायकांची मर्यादा वेगळी केली, वयाप्रमाणे तिचे टप्पे पाडले, लाखो लोकांच्या रक्तावर ते टप्पे घासूनपुसून नेमके केले. धामणखेडमध्येच गेल्या दोन वर्षांत कितीतरी बायका त्या लाल दिव्यामुळे वाचल्या होत्या. लोक यंत्राला हात जोडायचे.

केंद्रावर डॉ. निलोफर काझी होत्या. चाळिशीच्या आत-बाहेरच्या, बोलायला भराभर. त्यांनी सारंगचं आरोग्यकार्ड यंत्राला दाखवलं. पडद्यावर नाव, वय, लिंग आपोआप उमटलं. सारंग भोयर, सत्तेचाळीस, पुरुष. ईसीजी काढला, तो स्वच्छ होता. बोट टोचलं.

आकडा आला तेवीस. दिवा हिरवा.

"हृदयाचं काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पाठीचा स्नायू धरला असेल, नाहीतर गॅस. गोळ्या देते. जड उचलू नका."

गुलाबरावांनी तिथूनच लेकीला फोन लावला. "कल्याणी? गॅस आहे वं. काही नाही. निघालोच आम्ही."

सारंग उठला, शर्टाची बटणं लावू लागला, आणि त्याची नजर भिंतीवरच्या तक्त्याकडे गेली. मोठ्या ठसठशीत अक्षरांत छापलं होतं. पुरुष, पंचेचाळीस ते पन्नास : तेहतीस. त्याच्याच शेजारी, गुलाबी पट्ट्यात : स्त्री, पंचेचाळीस ते पन्नास : सतरा.

त्याचा हात बटणावर थांबला.

सारंग जन्मला तेव्हा अकोल्याजवळच्या एका दवाखान्यात नर्सने बाहेर येऊन मुलगी झाल्याचं सांगितलं होतं. त्याला स्वतःला ते कधीच पटलं नव्हतं. विशीत त्याने घर सोडलं. पुण्यात राहून पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं घेतली, ऑपरेशन करून घेतलं, कायद्याने कागद बदलून घेतले आणि स्वतःचं नाव स्वतः ठेवलं. दाढी आली, आवाज उतरला. नागपूरला विजेच्या सामानाच्या एका दुकानात कल्याणी भेटली. नवरा गेलेली, पदरात तीन वर्षांची रेवा. लग्नाआधी त्याने तिला सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्या बापाला मात्र सांगू नकोस." मग ते धामणखेडला आले, कारण इथे कुणी ओळखणारं नव्हतं. रेवाला तिच्या अठराव्या वर्षी दोघांनी समोर बसवून सांगितलं. बाकी कुणाला नाही. तीन वर्षांपूर्वी रक्त घट्ट व्हायला लागलं म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं बंद करायला सांगितली, तेव्हा त्याने तीही गुपचूप बंद केली.

आता आपलं हृदय पुरुषाचं धरायचं की बाईचं?

तो बाहेर आला. स्टँडवर नांदेडची गाडी लागत होती, तिच्या हॉर्नने डोकं उठलं. गुलाबराव ऑटो थांबवायला पुढे गेले. सारंगने चार पावलं टाकली आणि पाठीतलं पोतं पुन्हा चढलं. त्याला वाटलं, बोलावं. लगेच वाटलं, आणि खरंच गॅस निघाला तर? एका ढेकरेसाठी आपण सतरा वर्षांचा संसार चव्हाट्यावर मांडायचा? घरी मोहोड मंडळी आली असतील, कल्याणी पाणी देत असेल. रेवाने पोपटी साडी नेसली असेल. गेल्या खेपेला मोहोड हसत हसत म्हणाले होते, आम्हाला देणं-घेणं काही नको, घर तेवढं सरळ पाहिजे.

घरी जावं. जेवण उरकावं. संध्याकाळी कल्याणीला घेऊन अमरावती गाठावी. तिथे आपल्याला कोण ओळखतं?

संध्याकाळ. तो शब्द मनात आला आणि जबड्यातली कळ कानापर्यंत गेली. संध्याकाळ आपल्या वाट्याला आहे की नाही, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

"बस लवकर," गुलाबराव ऑटोतून म्हणाले. "लोक खोळंबले असतील."

"मामाजी, तुम्ही पुढे व्हा. मला डॉक्टरांना काहीतरी विचारायचंय."

"मी थांबतो न."

"नको, तुम्ही जा."

गुलाबराव ऑटोतून उतरले. आयुष्यभर स्टँडवर माणसांचे चेहरे वाचलेले ते. "मी बरोबर येतो," ते म्हणाले, आणि त्याच्या दंडाला धरून पुन्हा आत आले.

डॉक्टर काझी दुसऱ्या कुणाची तरी पट्टी उघडत होत्या. सारंगने त्यांना खाटेभोवतीच्या कापडी पडद्याआड येण्याची खूण केली. त्याला वाटलं होतं, सासरे पडद्याबाहेर थांबतील. ते थांबले नाहीत. "माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे त्यात?" असं म्हणून तिथेच उभे राहिले, आणि त्यांच्याशी वाद घालण्याइतकं बळ सारंगच्या अंगात नव्हतं.

"तुमच्या यंत्राने मला पुरुषाची मर्यादा लावली," तो म्हणाला. "मी जन्माने मुलगी होतो. वीसेक वर्षं इंजेक्शनं घेतली. तीन वर्षं झाली, बंद आहेत."

हे वाक्य आयुष्यात त्याने फार थोड्या वेळा उच्चारलं होतं. ते इतकं छोटं होतं, याचंच त्याला नवल वाटलं.

गुलाबरावांचा हात सारंगच्या दंडावरून खाली आला.

डॉक्टर काझी खुर्ची ओढून समोर बसल्या आणि त्यांचा वेग एकदम उतरला. "बरं केलंत सांगितलंत. आता नीट ऐका. तुम्हाला बायकांची मर्यादा लावली तर हा आकडा लाल आहे. पुरुषांची लावली तर हिरवा. पण खरं सांगू? तुमच्यासाठी यातली कुठलीच खरी आहे असं मी म्हणू शकत नाही. इंजेक्शनांनी हृदयाचा स्नायू बदलतो. बंद केल्यावर किती परततो, मला माहीत नाही. यंत्रालाही नाही. ज्या लाखो लोकांवर ते शिकलं, त्यांत तुमच्यासारखं कुणी नव्हतं."

"मग?"

"मग तुमची तुलना तुमच्याशीच करायची. एका तासाने दुसरा थेंब घ्यायचा. हृदय मरत असेल तर आकडा चढेल. बाईचं असो, पुरुषाचं असो, तरुणाचं असो की म्हाताऱ्याचं, चढणारा आकडा खोटं बोलत नाही. पूर्वी आम्ही सगळ्यांचं असंच करायचो. एका थेंबात निकाल मिळायला लागला, आणि तो तासभराचा थांबाच गेला." त्यांनी यंत्राकडे पाहिलं. "हिरव्यावर हे मला दुसरी पट्टी वापरू देत नाही. कारण नोंदवावं लागेल. ते जिल्ह्याला दिसेल, रुग्णवाहिकेच्या पोरांना दिसेल. नोंदवू?"

सारंगने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते.

"नोंदवा," तो म्हणाला.

डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी एक गोळी चावायला लावली, छातीला तारा जोडल्या आणि खाटेला डोकं उंच करून त्याला टेकवलं. गुलाबराव शेजारच्या स्टुलावर बसले. वर पंखा खडखडत होता. स्टँडवरून गाड्यांच्या घोषणा येत होत्या, आणि प्रत्येक घोषणेला गुलाबरावांची मान जुन्या सवयीने थोडी हलत होती.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "कल्याणीले ठाऊक होतं?"

"लग्नाच्या आधीपासून."

"आन् रेवाले?"

"तिलाही."

"म्हणजे घरात मीच एक येडा."

"तसं नाही मामाजी."

"मंग कसं?" त्यांचा आवाज चढला. पडद्यापलीकडचं बोलणं थांबलं. त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्यासोबत म्या सतरा वर्षं एका ताटावर जेवण केलं. आजारी पडलो तवा तू माझी लघवी काढली. गावभर सांगत फिरलो का मले पोरगा नाही, पण जावई पोराहून चांगला. आन् तू मले एक शबुद नाही बोलला."

"बोललो असतो तर तुम्ही लग्नाला नाही म्हणाला असता."

"म्हणलंच असतं!" गुलाबराव म्हणाले. "शंभर टक्के नाही म्हणलं असतं. म्हणूनच तर मले विचारायचं नव्हतं काय?"

सारंगच्या छातीत काहीतरी आवळत होतं आणि ते दुखणं कुठलं, हे त्याला सांगता येईना. गुलाबराव उठले. चप्पल पायात सरकवली आणि पडदा सारून निघून गेले.

सारंग पडून राहिला. फोन वाजला, कल्याणी होती. "अगं, थोडा वेळ लागतोय," तो म्हणाला.

"तुझा आवाज असा का येतोय?" आणि मग एकदम हळू, "काय झालं सारंग? खरं सांग."

"मी इथे सांगितलं. डॉक्टरांना. मामाजी समोरच होते."

पलीकडून स्वयंपाकघरातल्या भांड्यांचे आवाज येत राहिले. कुणीतरी मोठ्याने हसलं, मोहोडच असावेत.

"मी येते," कल्याणी म्हणाली. "पाहुण्यांना रेवा बघेल."

ती पोहोचण्याआधीच डॉक्टरांनी दुसऱ्यांदा बोट टोचलं. यावेळी दोघांनीही दिव्याकडे पाहिलं नाही, आकड्याकडे पाहिलं. शहाऐंशी.

त्यानंतर सगळं भराभर झालं. रुग्णवाहिका दाराशी लागली, स्ट्रेचर आलं. डॉक्टर फोनवर अमरावतीला ओरडून सांगत होत्या की आकडा चौपटीच्या घरात गेलाय, टेबल तयार ठेवा. गाडीतल्या पोराने आपल्या पडद्यावरची नोंद वाचली, सारंगकडे पाहिलं, पुन्हा नोंद वाचली. "सोबत कोण आहे?" त्याने विचारलं.

"कुणी नाही," सारंग म्हणाला. "बायको मागून येईल."

दार ओढलं जात होतं तेवढ्यात कुणीतरी बाहेरून ते धरलं. गुलाबराव होते. स्टँडभर उन्हात फिरून आले असावेत, चेहरा लालबुंद झाला होता. ते कुणाचा हात न धरता वर चढले, समोरच्या बाकड्यावर बसले आणि गाडी हलली.

"मामाजी..." सारंग म्हणाला.

"चूप," गुलाबराव म्हणाले. "आता बोलू नको. पोचल्यावर भांडू."

आणि पोहोचल्यावर ते खरंच भांडले. सारंगच्या हृदयाच्या रक्तवाहिनीतली गाठ काढून तिथे स्टेंट बसला, तो वॉर्डात आला, त्याच्या नाकातली नळी निघाली, आणि गुलाबराव खुर्ची ओढून बसले ते भांडतच राहिले. मधे नर्स आली की थांबायचे, तिच्याकडून औषधाची वेळ नीट समजून घ्यायचे, ती गेली की पुन्हा सुरू. कल्याणीलाही त्यांनी सोडलं नाही. सारंग घरी आल्यावर ते पिशवी भरून धाकट्या लेकीकडे वर्ध्याला गेले. पावसाळा संपता संपता परत आले. का गेले आणि का आले, दोन्ही कुणी विचारलं नाही. ते सारंगशी आता कमी बोलतात. पण रात्री त्याची गोळी झाली का, हे कल्याणीला विचारल्याशिवाय झोपत नाहीत.

गोष्ट गावभर झालीच. रुग्णवाहिकेच्या पोराने सांगितली की आणखी कुणी, ते शोधून उपयोग नव्हता. काही गिऱ्हाइकं तुटली. काही मुद्दाम बघायला येऊ लागली, एखादी चांगली चाललेली मोटारही दाखवायला घेऊन. मोहोडांचा फोन आला. मुलाला एवढ्यात करायचं नाही, असं ते म्हणाले, आणि रेवाने दोन दिवस खोलीचं दार उघडलं नाही.

त्याच सुमारास डॉ. काझी एकदा दुकानावर आल्या. सारंगचे दोन्ही आकडे आणि इंजेक्शनांची हकिकत त्यांना हृदयवेधच्या शास्त्रज्ञांकडे पाठवायची होती. "नाव कुठेही जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"नाव तर आधीच फिरून आलंय डॉक्टर," सारंग म्हणाला. "बाकीचं न्या."

त्यांनी पाठवलं. इतर केंद्रांवरच्या डॉक्टरांनीही आपापल्या अडलेल्या केसेस पाठवल्या. त्यात सारंगसारखे थोडे होते. पण मूत्रपिंडं थकलेले म्हातारे होते, रोज दहा-दहा किलोमीटर पळणाऱ्या पोरी होत्या, नुकत्याच बाळंत झालेल्या होत्या, तिशीतले पैलवान होते. तक्त्यात न बसणारी माणसं यंत्राला वाटली होती त्याहून पुष्कळ निघाली. पुढच्या वर्षी नियम बदलला. डॉक्टरला शंका आली तर दिवा कुठलाही असो, दुसरा थेंब घेता येऊ लागला, आणि त्यासाठी माणसाला काही कबूल करावं लागेनासं झालं. ते ऐकून सारंगला बरं वाटलं की कडू वाटलं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नाही.

जड उचलायला त्याला मनाई होती. म्हणून रेवा सुट्टीत दुकानात येऊन बसायची. एका दुपारी ती तारेचं रीळ धरून होती आणि तो वेढे मोजत होता. ती मधेच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मोहोड आपल्याकडे बसलेत, हे तुला माहीत होतं."

"हो."

"तू बोललास तर माझं मोडणार, हेही माहीत होतं."

"वाटलं होतं."

"मग?" तिने रीळ घट्ट धरलं. "सगळे मला म्हणतात, तुझ्यासाठीच जगला तो. तुला आणि आईला मागे सोडून जायचं नव्हतं म्हणून बोलला. खरंय?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. ती त्याच्याकडे पाहत होती, त्याच उत्तराची वाट बघत असल्यासारखी. सारंगने मोटारीवरचा हात काढला.

"नाही गं," तो म्हणाला. "खरं सांगू का? त्या वेळी मला तू आठवली नाहीस, आईही नाही. फार दुखत होतं. आणि मला मरायचं नव्हतं. एवढंच होतं."

रेवाने रीळ मांडीवर टेकवलं. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ आत आली.

"बरं झालं," ती शेवटी म्हणाली. "माझ्यासाठी जगलास असं म्हणाला असतास, तर मला ते आयुष्यभर फेडत बसावं लागलं असतं."

तिने ओढणीने डोळे पुसले, रीळ पुन्हा सरळ धरलं आणि म्हणाली, "चल, कितीवर होतास? विसरला असशील तर पहिल्यापासून मोज."

सारंग विसरलाच होता. त्याने गुंडाळलेली सगळी तार सोडली आणि पहिल्या वेढ्यापासून सुरुवात केली.